जहाजाचा कान

निहार आणि सई,

तुमचे दोघांचे मेसेज मिळाले. वेगवेगळे आले, पण एकाच दिवशी आले. सई म्हणते, घरच्या ग्रुपवर निहारनं लिहिलेलं इंग्रजी इतकं गबाळं होतं की तिनं ते लाल अक्षरांत दुरुस्त करून परत टाकलं, त्यात काय बिघडलं? निहार म्हणतो, गप्पा मारताना कोण व्याकरण बघतं? वर मलाच विचारतो, ‘आजी, तू प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम का देतेस? रागावलेली असतेस का?’ त्यानंतर तो ग्रुपमधून बाहेर पडला, तो अजून परत आलेला नाही. मी इंग्रजी शाळेतली, शिवाय ऑफिसातला सगळा इंग्रजी पत्रव्यवहार वर्षानुवर्षं माझ्याच टेबलावरून गेलेला. तेव्हा निकाल मी द्यावा, एवढ्या एका गोष्टीवर मात्र तुमचं एकमत दिसतं.

निकाल देत नाही. त्याऐवजी एका माणसाबद्दल लिहिते. भांडण इंग्रजीचं आहे, म्हणून मुद्दाम मराठीत. रविवारच्या वर्गात शिकलेली अक्षरं कामाला लावा, अडेल तिथे बाबाला विचारा.

हे गृहस्थ पनवेलला आमच्या खालच्या मजल्यावर राहत. तुम्ही एका सुट्टीत आला होतात तेव्हा त्यांच्याकडे खेळायला गेलात आणि दोघंही ओठांवर बोट ठेवून, चवड्यांवर चालत परत आलात. आजोबा ती नक्कल अजून करून दाखवतात. तुम्हाला काही आठवत नसेल.

सोसायटीतली मुलं आणि वॉचमन त्यांना कॅप्टन म्हणत. ते दर वेळी थांबून सांगत, “कॅप्टन नव्हतो बाबा. मी जहाजाचा कान होतो.” मालवाहू जहाजांवर ते रेडिओ ऑफिसर होते. भर समुद्रात एका छोट्या खोलीत कानाला यंत्र लावून बसायचं, टिकटिक करत येणारे निरोप उतरवून घ्यायचे आणि आपले पाठवायचे, हे काम. मग उपग्रह आले, निरोप आपोआप येऊ-जाऊ लागले आणि जहाजावरून ते पदच नाहीसं झालं. अंगात उमेद असताना ते किनाऱ्याला लागले. त्याबद्दल त्यांनी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. फक्त एकदा म्हणाले, “वहिनी, माझ्या खोलीत आता कोल्ड्रिंकचा फ्रीज ठेवलाय म्हणतात.”

जहाजावरून त्यांनी एकच वस्तू आणली होती. जहाज मोडीत निघालं तेव्हा रेडिओच्या खोलीतलं घड्याळ मागून घेतलं होतं. पितळी, जड, किल्लीचं. त्याच्या पांढऱ्या तबकडीवर कलिंगडाच्या फोडीसारख्या दोन लाल पाचरी रंगवलेल्या होत्या, एक पंधराव्या मिनिटाच्या पुढे आणि एक पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या पुढे. मिनिटकाटा लाल रंगात शिरला की तीन मिनिटं ते बोलत नसत. अगदी वाक्याच्या मध्येसुद्धा.

आम्ही नवे राहायला आलो तेव्हा आजोबा त्यांना भेटायला गेले. “तुम्ही मूळचे कुठले?” असं त्यांना विचारलं. ते म्हणाले, “आमचं गाव म्हणजे दापोलीच्या—” आणि थांबले. डोळे उघडे, मान किंचित कलती, तोंडातून शब्द नाही. आजोबांना वाटलं, झटका आला. आजोबांनी स्वयंपाकघरात धावत जाऊन पाणी आणलं, त्यांच्या तोंडावर शिंपडलं, वर मला हाका मारल्या. ते तसेच निथळत बसले. काटा लाल रंगातून बाहेर आला तेव्हा रुमालानं तोंड पुसत म्हणाले, “—खालच्या अंगाला. खाडीला लागून. पाण्याबद्दल आभारी आहे.”

कारण विचारलं की सांगत. समुद्रावर सगळी जहाजं बोलत असतात. मोठ्या जहाजाचं यंत्र दणदणीत, लहान जहाजाचं क्षीण. एखादं लहान जहाज लांब कुठे बुडत असलं, तर त्याची हाक या कलकलाटात कोणाला ऐकू येणार? म्हणून तासातून दोनदा सगळ्यांनी पाठवणं बंद करायचं आणि फक्त ऐकायचं. जगातल्या सगळ्या समुद्रांवर, एकाच वेळी. “आवाज ज्याचा मोठा त्यानं गप्प बसायचं,” ते म्हणत. “याच्याइतका शहाणा नियम मी जमिनीवर पाहिला नाही.”

“पण आता पनवेलमध्ये कोण बुडतंय?” आजोबांनी विचारलं होतं.

“ते बोलत राहिलं तर कळणार नाही ना.”



त्यांचं इंग्रजी मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडलं. मोबाइल नवे आले त्या काळात लोक एसेमेसवर शब्दांची हाडं मोडत होते. हे पूर्ण वाक्यं लिहीत. तेव्हा मेसेजची लांबी मर्यादित असे, म्हणून त्यांच्या दिवाळीच्या शुभेच्छा तीन भागांत येत आणि प्रत्येकावर ‘तीनपैकी पहिला’, ‘तीनपैकी दुसरा’ असं लिहिलेलं असे. एका वर्षी तिसरा भाग आधी पोचला. त्यात एवढंच होतं, ‘आणि आपल्या सौभाग्यवतींनाही.’ आजोबा दिवसभर विचारत राहिले, “तुला काय?”

पुढे व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि सोसायटीचा ग्रुप झाला. तिथे त्यांचा आणखी एक रिवाज सगळ्यांना दिसला. ते कुठल्याही मेसेजला थेट उत्तर देत नसत. आधी, आपल्याला काय समजलं ते लिहीत. रेडिओवरची ही जुनी शिस्त, निरोप घेतला की तो परत म्हणून दाखवायचा. कोणी सकाळी गुलाबाच्या चित्रासह सुप्रभात पाठवलं की यांचं शुद्ध इंग्रजीत उत्तर येई. मराठीत ते साधारण असं, ‘आपण माझी सकाळ चांगली जावी असं इच्छिता, असं मला समजलं. आभारी आहे. अजून तरी ती चांगली आहे.’

शिवाय उत्तरं ओळीनं. आधी आलेल्याला आधी. एकही वगळायचा नाही. त्यामुळे काल टाकी धुतली त्याबद्दलचं ‘आज टाकी धुतली जाईल असं मला समजलं’ हे आज दुपारी येई. मुलं खदाखदा हसत. बी विंगमधल्या डेंटिस्टबाईंच्या मेसेजात स्वर औषधालाही सापडत नसे; त्या एकदा आमच्या कॅप्टनना समोरच म्हणाल्या, “अंकल, तुम्ही किती स्लो आहात हो!”

“स्लो नाही, क्रमानं आहे,” ते म्हणाले. “पण तुमचा हात छान आहे. पळता आहे.”

हात म्हणजे काय, ते मला त्यांनीच समजावलं. टिकटिक पाठवणाऱ्या प्रत्येकाची एक ढब असते. नाव न सांगता कोण पाठवतंय ते ओळखू येतं. त्याला ते हात म्हणत. ग्रुपवरही ते हातच बघत. डेंटिस्टबाईंचा हात पळता. सेक्रेटरींचा हात दाबून, कारण ते सगळं मोठ्या अक्षरांत लिहीत. माझ्याबद्दल म्हणाले, “वहिनी, तुमच्या हाताला इस्त्री आहे.” मी ते कौतुक म्हणूनच घेतलं. एका सकाळी मला जिन्यात थांबवून म्हणाले, “सेक्रेटरी आजारी दिसतात. मेसेज त्यांच्या नावाचा आहे, पण हात त्यांचा नाही.” चौकशी केली तर सेक्रेटरींना ताप होता आणि मेसेज त्यांच्या बायकोनं लिहिला होता. निहार, माझ्या पूर्णविरामाचं उत्तर इथंच देऊन टाकते. तो राग नाही, माझा हात आहे.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या ग्रुपवरही एकदा तुमचंच भांडण झालं. पाणी बंद राहण्याच्या वेळेवरून कोणीतरी काहीतरी तोडकंमोडकं लिहिलं, त्याचे चार जणांनी चार अर्थ लावले आणि सेक्रेटरींनी ठराव मांडला, ग्रुपवर इंग्रजी नीटच लिहायचं, नाहीतर लिहायचं नाही. ठराव मला पसंत होता. आजही मला वाटतं, ज्याला येतं त्यानं नीट लिहायला काय हरकत आहे? पण ठरावाच्या मसुद्यालाच व्याकरण नव्हतं. मी ठरावाच्या बाजूची, म्हणून तो दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्यायला हवा होता, आणि असा माणूस इमारतीत एकच होता. म्हणून त्या दुपारी मी खाली गेले.

त्यांनी चहा ठेवला. मी विषय काढला. ते हसून म्हणाले, “वहिनी, मी पाठवण्याबद्दल नियम लिहून देईन. घेण्याबद्दल नाही.”

“म्हणजे?”

ते सांगणार इतक्यात काटा लाल रंगात शिरला. त्यांनी हात वर केला आणि गॅस बारीक केला. अलीकडे त्या मिनिटांत ते फोन समोर घेऊन बसत. वाचत, पण लिहीत नसत. मी कपाकडे पाहत राहिले. माझ्या पर्समध्ये आणि त्यांच्या हातात, दोन्ही फोन सारखे वाजत होते. ग्रुपवर ठरावाची धुमश्चक्री चालली होती. ते आपल्या पद्धतीनं वरून एकेक वाचत खाली येत होते. एके ठिकाणी अंगठा थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा थांबला.

मग त्यांनी, काटा लाल रंगात असताना, तोंड उघडलं. असं मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

“वहिनी, सी विंगमधली रेश्मा, ती नवी आलेली मुलगी. तिला ओळखता?”

मी नुसती पाहून ओळखत होते. उरणच्या बाजूची, कोळ्यांच्या घरातली. नवरा बंदरावर नोकरीला. घरात तान्ही मुलगी आणि म्हातारे सासरे, ज्यांना हल्ली काही आठवत नसे. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. रेश्मानं लिहिलं होतं, ‘सर मॅडम पापा नॉट इन होम आय गिव्ह बेबी बाथ डोअर ओपन ही गो रेड कॅप ही नॉट नो रोड ऑल पीपल प्लीज सी.’

खाली उत्तरं होती. पहिलं, ‘पूर्णविराम कुठे आहे?’ मग हसरे चेहरे, ओळीनं. मग कोणीतरी तोच मेसेज पुन्हा खाली चिकटवला होता आणि वर लिहिलं होतं, ‘हे उदाहरण पाहा. म्हणूनच नियम हवा.’ त्याला अंगठे. आणि मग ठरावावरची चर्चा पुढे चालू.

कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. भांडण भाषेचं चाललं होतं, त्यात समोर एक नमुना आला आणि सगळ्यांनी तो नमुना म्हणून वाचला. निरोप म्हणून कोणीच वाचला नाही.

त्यांनी लिहायला घेतलं. घाईतही मोठी अक्षरं जागच्या जागी, स्वल्पविराम जागच्या जागी. ‘सर्वांनी कृपया लिहिणं थांबवावं. ही संकटातली हाक आहे. रेश्माताई, मला समजलं ते असं: आपले सासरे घराबाहेर गेले आहेत, डोक्यावर लाल टोपी आहे आणि त्यांना परतीचा रस्ता माहीत नाही. हे बरोबर आहे का? ते कोणत्या ठिकाणाचं नाव घेतात? कोणत्याही भाषेत सांगा.’

तुम्ही ग्रुप वापरता, तुम्हाला कल्पना येईल. इतकी माणसं, आणि एकदम शांत. एक हसरा चेहरा आला होता, तो पाठवणाऱ्यानं पुसून टाकला.

रेश्माचा आवाज आला. ती लिहीत नव्हती, बोलत होती; मागे रिक्षांचे हॉर्न आणि मुलीचं रडणं. “काका, हां काका, आबाच गेलेत. मी पोरीला घेऊन रस्त्यालाच हाय. यांचा फोन लागत नाय, कामावर कपाटात ठेवाया लागतो. शेजारी कुलूप. आबा रोज म्हणतात मला मोऱ्याला जायचाय, माझी होडी लागली असंल. तिकडचा रस्ता त्यांना नाय ठाव, काका, कुठलाच नाय ठाव.”

मोरा म्हणजे उरणचा धक्का. म्हाताऱ्यानं जन्म तिथे होडीवर काढलेला. आम्ही पनवेलात.

“मोऱ्याची गाडी उरण फलाटावर लागते,” मी म्हणाले. “एसटी स्टँड बघायला हवं.”

“स्टँड बघायचंच. पण त्याला गाडी नकोय, वहिनी. त्याला पाणी हवंय.” ते उठून चपला घालत होते आणि लिहीतही होते. ए विंगनं एसटी स्टँड, बी विंगनं वडाळे तळं, सी विंगनं खाडीचा पूल. पाऊस नुकताच सरला होता, तळं काठोकाठ होतं आणि पायऱ्यांवर शेवाळ. लोक खरोखर निघाले. सेक्रेटरी बनियनवर शर्ट चढवत स्कूटरवर बसलेले मी स्वतः पाहिले. मी रेश्माकडे गेले आणि तिच्या कडेवरची मुलगी घेतली. तिनं मूल इतकं घट्ट धरलं होतं की ते सोडवावं लागलं. ती मला म्हणाली, “मॅडम, मी नीट नाय लिवला. म्हणून कुणी आला नाय.”

मी म्हटलं, “आता सगळे गेलेत, बाळ.”

मग ग्रुपवर डेंटिस्टबाईंचा मेसेज आला. स्वर नसलेला, अर्धा शब्द गिळलेला. जहाजाच्या कानानं लगेच, त्या दिवशी क्रम सोडून, लिहिलं, ‘मला समजलं ते असं: ते आपल्याला तळ्याच्या पायऱ्यांवर सापडले आहेत, ते ठीक आहेत आणि आपण त्यांचा हात धरला आहे. बरोबर?’ उत्तरादाखल एक नुसता अंगठा. तो त्यांनी स्वीकारला.

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारबुवा शेवटच्या कोरड्या पायरीवर, पाण्यात पाऊल सोडून बसले होते. डेंटिस्टबाई क्लिनिकच्या वाटेवर गाडी तशीच सोडून, पांढऱ्या कोटात, त्यांच्याशेजारी चिखलात. तळ्यातली जलपर्णी काढायची एक सपाट होडी तिथे बांधलेली होती आणि म्हातारा तिच्याकडे संशयानं बघत होता.

“ही मोऱ्याला जाते का?” त्यांनी आमच्या जहाजाच्या कानाला विचारलं.

“नाही जात, आबा.”

“मग हिकडं बांधली कशाला? काय कामाची?”

“मलाही तोच प्रश्न पडलाय,” हे गंभीरपणे म्हणाले आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसले. “आपण मोऱ्याला निघाला होतात, आपली होडी लागली असेल, असं मला समजलं. बरोबर?”

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत आपलं म्हणणं कोणी पुरतं परत म्हणून दाखवलं नसावं. “बराबर,” तो म्हणाला, आणि उठला. रेश्मानं त्याची टोपी सरळ केली, त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडली.

ठराव पुढे आला नाही. कोणी मागे घेतला असंही नाही. त्याचं नावच कोणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उरलेला चहा प्यायला खाली गेले आणि म्हटलं, “म्हणजे तुमच्या मते ग्रुपवर व्याकरणाला काही किंमत नाही, असंच ना?”

ते चक्क चिडले. “कोण म्हणालं? माझ्या कालच्या मेसेजात एक गफलत असती तर अर्धे लोक भलतीकडे गेले असते. पाठवताना मी एक बिंदूही सोडणार नाही. पण वहिनी, तो नियम माझा मला. समुद्रावर एकदा एक हाक आली होती. पाठवणाऱ्याचं इंग्रजी दोन-तीन शब्दांचं, आणि हात तर असा थरथरत होता की अक्षर अक्षराला लागत नव्हतं. मी त्याला काय सांगायचं होतं, आधी नीट लिही?”

“पोचलात का?”

“आम्ही लांब होतो. दुसरं जहाज पोचलं.” कप खाली ठेवून म्हणाले, “पाठवणाऱ्यानं नीट पाठवावं. घेणाऱ्यानं कसंही आलं तरी घ्यावं. दोन्ही कामं आपलीच असतात, फक्त वेगवेगळ्या वेळी.” आणि मग काटा लाल रंगात शिरला, त्यामुळे वादात शेवटचा शब्द त्यांचा राहिला. मला आजही संशय आहे की त्यांनी घड्याळाकडे बघूनच बोलायला सुरुवात केली होती.

त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना बोलता येत नव्हतं. फोनवर एका बोटानं लिहीत. वाक्यं तुटत, अक्षरं गळत. त्यांना त्याची लाज वाटते आहे हे दिसत होतं. रेश्मा रोज डबा घेऊन येई. पलंगाजवळ बसून ती त्यांनी लिहिलेलं वाचायची आणि सावकाश म्हणायची, “काका, मला समजला तो असा. तुमाला खिडकी उघडी पायजे, आणि आमटीत मीठ कमी हाय. बराबर?” ते मान हलवत. बऱ्याचदा हसत.

सई, निहारनं त्या दिवशी काय लिहिलं होतं, ते तू दुरुस्त करण्यापूर्वीचं, पुन्हा एकदा वाच. निहार, मीही वाचलं. मला समजलं ते असं: संघाच्या यादीत तुझं नाव आलं नाही, सगळे मित्र आहेत त्यात, आणि त्या संध्याकाळी तुला घरी जावंसं वाटत नव्हतं. हे बरोबर आहे का? कोणत्याही भाषेत सांग.

घड्याळ आता रेश्माच्या घरी आहे. तिचे सासरे गेले, मुलगी शाळेत जाते. घड्याळाला किल्ली ती मुलगी देते, आणि काटा लाल रंगात असला की त्या घरात अजूनही कोणी बोलत नाही.